एकोणचाळीस दिवसांचा जानेवारी

३ मार्च
मुरबाडहून येणारी संध्याकाळची बस आज पुन्हा आली नाही. शेजारच्या देवकीची प्रियांका कॉलेजातून विटांच्या टेम्पोत बसून आली. देवकी अंगणातून ओरडली, बास झालं, आता कॉलेज नाय, घरात बस गो. मी मध्ये पडले. न आलेल्या प्रत्येक बसची तारीख आणि कारण दोन वर्षं मी डेटाबेसमध्ये भरते आहे. बाकी गाव नुसत्या शिव्या देतं. महिनावार तक्ता डेपोच्या साहेबांपुढे ठेवते म्हटलं. देवकीने दहा दिवस दिले. मला दोन पुरेत.

५ मार्च
डेटाबेसमधून आडवा-उभा तक्ता काढणारी क्रॉसटॅब क्वेरी केली. डावीकडे कारण, वर कॉलमला तारीख. प्रत्येक तारखेचा वेगळा कॉलम निघाला. कागद चिकटवत गेले, ओटीपासून न्हाणीपर्यंत पोचले. देवकीने विचारलं, बाई, हे वाळत घालायचं का?

८ मार्च
तारखेऐवजी महिन्याचं नाव घेतलं. कॉलम बाराच. पण एप्रिल पहिला, ऑगस्ट दुसरा. मूर्ख यंत्राने एबीसीडी लावली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अशा मुलीला बाकावर उभं करायच्या. जानेवारी ते डिसेंबर क्रम स्वतः टाइप करून दिला. रांग सरळ.
प्रियांका म्हणाली, मावशी, वर्ष कुठे लिहिलंय? म्हटलं, वर्ष घातलं की कॉलम वाढतात. इंग्रजी मीडियमच्या आम्हाला शिकवू नकोस.

११ मार्च
डेपो. इस्त्रीची साडी. सोबत देवकी, प्रियांका आणि चार बायका. साहेबांनी चष्मा लावला. बाई, जानेवारीत बस एकोणचाळीस दिवस आली नाही? म्हटलं, अर्थात. म्हसा गावच्या जत्रेला दरवर्षी आमचीच बस पळवता. ते म्हणाले, जत्रा मोठी असते, कबूल. महिना तेवढाच राहतो ना?
क्लार्क हसला. देवकीही हसली, हे मी लक्षात ठेवीन. दोन वर्षांचे जानेवारी क्वेरीने परस्पर एका कॉलममध्ये कोंबले, त्यात माझा काय दोष? तक्रार बनावट म्हणून तक्ता परत.
देवकी वाटेत एवढंच बोलली, पोरीची पुस्तकं बांधून ठेवते.

१२ मार्च
कॉलमला आधी वर्ष, मग महिन्याचा आकडा. क्रमही आपोआप लागला. पहिल्या वर्षीच्या जानेवारीत वीस दिवस, दुसऱ्या वर्षीच्या एकोणीस. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त घाई झाली. उद्या साहेबांचं तोंड बघायचं आहे.

१३ मार्च
आठला तक्ता घेऊन निघाले, तर बायका पहाटेच गेलेल्या. मला हाक मारली नाही. माझी झोप मोडू नये म्हणून असेल.
दुपारी परतल्या. डेपोच्या फाटकात मांडी घालून बसल्या, एकही गाडी बाहेर जाऊ दिली नाही. साहेबांनी रोजची बस लिहून दिली. प्रियांकाचं कॉलेज सुरू राहणार. त्यांनी अट एकच घातली म्हणे, तक्तेवाल्या बाईंना पुन्हा आणू नका.
माझ्या तक्त्याचा एवढा धाक बसेल, असं मलाही वाटलं नव्हतं.