करडा ठिपका

३ नोव्हेंबर २००८
रत्नागिरीच्या रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट म्हणून रुजू झाले. गच्चीवरून समुद्र दिसतो, एमआरआय यंत्र कोरं करकरीत, आणि तंत्रज्ञ अस्लमने स्वागताला घरून तळलेले बांगडे आणले! काम मनासारखं आहे. गुदाशयाच्या कर्करोगात किरणोपचाराने कोणाची गाठ विरेल, ते चित्रं बघून मी आधीच सांगायचं. उपचारानंतर पुन्हा चित्र काढून पडताळायचं.

७ नोव्हेंबर
पहिले रुग्ण रावजी, संगमेश्वरकडचे शेतकरी. रक्त पडतं हे लाजेपोटी त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गाठ पूर्ण विरेल, असं मी मुंबईच्या सर्जनना बेधडक कळवलं. शस्त्रक्रिया करून पोटावर शौचाची पिशवी बसवली तर भाताच्या लावणीला वाकू कसा, असं रावजींनी विचारलं. तशी वेळच येणार नाही, म्हटलं.

१२ मार्च २००९
उपचारानंतरचं चित्र. गाठ गेलीय, व्रण उरलाय. पण त्याच्या कडेला तांदळाएवढा करडा ठिपका आहे. ‘शंका’ लिहावं तर शस्त्रक्रिया होणार, आणि माझं भाकीत सगळ्यांदेखत खोटं पडणार. मी ‘फक्त व्रण’ लिहिलं.
“बाई, नीट बघितलंत ना?” रावजींनी विचारलं.
हो म्हणाले. त्यांनी हात जोडले.

१८ जानेवारी २०१०
रावजी गेले. रोग यकृतात पसरला होता. त्यांची बायको सावित्री सांगून गेली, शेवटपर्यंत तुमचं नाव काढत होते. तिच्यासमोर मान वर होईना. तरी खरं बोलले नाही.

२५ जानेवारी
एकाच्या गुडघ्याच्या चित्रात तोच ठिपका. दुसऱ्याच्या मानेतही. अस्लमला काही दिसत नाही.

२९ जानेवारी
यंत्र तपासायला रोज सकाळी पाण्याची बंद बाटली आत ठेवतो. आज त्या बाटलीत— तो होता. वाढलाय. अस्लम म्हणतो, स्वच्छ पाणी आहे, मॅडम.

२ फेब्रुवारी
टेबल रिकामं. तरी रुग्णाने दाबायच्या रबरी फुग्याची घंटा वाजली. स्पीकरमधून धाप— दमलेल्या माणसाची—

४ फेब्रुवारी
यंत्रात ताजबी आहेत, रावजींसारख्याच गुदाशयाच्या रुग्ण. किरणोपचार संपलेत, पिशवी टळावी एवढीच आस. पडद्यावर सगळं करडं— त्यांचं की रावजींचं? रोग म्हटलं तर कदाचित बरं झालेलं शरीर कापतील. व्रण म्हटलं तर—
घंटा. ताजबी झोपल्यात. फुगा हातातून सुटून लोंबतोय. स्पीकरवर पुरुषाचा आवाज, शांत:
“हिला तरी खरं सांगा.”
सांगते, रावजी. पण खरं काय, तेच मला आता—