चार मिलिमीटर

प्रिय आबेलार्दो,

हे पत्र पुढे वाचण्याआधी बस. दारातल्या दगडावर नको, तो गार असतो. आत जाऊन खुर्चीवर बस. दर मंगळवारी समोर बसणारी बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. तोंडाने मी आयुष्यभर इतकं बोलले आहे की खरं सांगायला आता त्याचा उपयोग होत नाही. मी गंभीर होऊन काही बोलायला लागले की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. तूही बसतोस. कागद निदान हसत नाही.

या मंगळवारी तू नेहमीसारखा अल्मोहाबानांची गरम पिशवी घेऊन आलास, पण एकही पाव न खाता म्हणालास, "निदिया न्यायला येतेय. सोमवारी निघतोय. बारांकियाला." मी म्हणाले, "समुद्रावर? पोहता तरी येतं का तुला?" तू म्हणालास, "पोहायचं नाहीये गं, बसायचंय. पोरगी म्हणते, तिकडे सगळं सपाट आहे, तुमच्या छातीला बरं." मग तू मान वर करून भिंतीकडे पाहिलंस, जिथे दोन खुंट्यांवर तुझी हिरवी सायकल टांगलेली होती, आणि म्हणालास, "तिला इथेच राहू दे, लेओ. तुझ्याकडे बरी आहे." अख्ख्या दुइतामा गावाला टोमणे मारणारी मी खाली बघून पावाचे तुकडे करत बसले. मला रडू येतंय असं समजून तू कप विसळायला उठलास. रडू येत होतंच, पण त्याचं कारण तू समजलास ते नव्हतं.

शहाऐंशी साली तू पहिल्यांदा आमच्या सायकलींच्या दुकानात आलास, तेव्हा तुझ्या नखांत बटाट्याच्या शेतातली माती होती. बाबांनी दोरीने तुझी मापं घेतली. पाय, पाठ, हात. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि आकडे वहीत लिहायचं कामही माझंच. सोळा वर्षांची होते, लक्ष आकड्यांत नव्हतं. त्यामुळे तुझ्या फ्रेमची वरची नळी हवी त्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब झाली. बाबांना कळलं तेव्हा रंग वाळला होता. ते म्हणाले, "पोरगा तरुण आहे, थोडा जास्त वाकेल." तू जन्मभर थोडा जास्त वाकून सायकल चालवलीस ती माझ्यामुळे. हे तुला माहीत नव्हतं. घाबरू नकोस, मला कबूल करायचंय ते हे नव्हे. हे नुसतं हात मोकळे करण्यापुरतं.

त्या फ्रेमवर तू आल्तो दे ला क्रूसच्या चढाच्या शर्यतीत दुसरा आलास. पुढच्या चक्राला बेचाळीस दात, मागच्याला एकवीस. आजच्या पोरांना हे आकडे सांगितले तर ते विचारतात, काकू, मग चढावर उतरून ढकलायचे का? नाही रे बाळा, म्हणते मी, तेव्हाच्या लोकांना गुडघे असायचे. पुढे तू दुधाची गाडी चालवायला लागलास, ब्लांकाशी लग्न केलंस, निदिया झाली, पण रविवारचा चढ सुटला नाही. आल्तोच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या लांबून हिरवा ठिपका पाहायच्या आणि म्हणायच्या, "आबेलार्दो आला, आगवापानेलाचं गुळपाणी ठेवा गॅसवर." ब्लांका चांगली बाई होती. हे म्हणायला मला वीस वर्षं लागली आणि म्हटलं तेही तिच्या मातीला उभं असताना.

बाबा गेल्यावर दुकान मी चालवलं, आणि बघता बघता जुन्या सायकलींना नवे भाग लावणं हा धर्म होऊन बसला. धर्म म्हटला की पंथ आले. एका पंथाला चाळीस वर्षांपूर्वीचा गंजसुद्धा मूळचाच लागतो. दुसऱ्याला आजोबांच्या सायकलवर बॅटरीचे गिअर लागतात, म्हणजे रात्री फोनच्या शेजारी आजोबांनाही चार्जिंगला लावायचं. बोगोताचा तो दातांचा डॉक्टर आठवतो? मला म्हणाला, "मॅडम, आजोबांची आठवण आहे, नीट जपा, पण वजन तेवढं कमी करा." मी विचारलं, "कुणाचं, आजोबांचं की तुमचं?" पुढे एका मंगळवारी हे तुला सांगितलं तेव्हा तू टेबलाशी बसून इतका हसलास की कॉफी नाकात गेली. मी दोन्ही पंथांची कामं करते आणि दोघांच्याही पाठीमागे हसते. त्या डॉक्टरच्या आजोबांचा मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा भाग, मी एका सकाळी अर्ध्या तासात फाकवून दिला होता. जुन्या फ्रेमच्या मागच्या चिमट्यात एकशे सव्वीस मिलिमीटरची जागा असते आणि नव्या चाकाला एकशे तीस लागते. पोलाद वाकतं, आपण ते वाकवतो, चाक बसतं, चहा प्यायचा. त्यात विद्या काही नाही.

ते काम आटोपलं त्याच आठवड्यात तू आलास, खांद्यावर गोणपाटाचं पोतं. सहा वर्षं झाली त्याला. तुन्हाच्या इस्पितळातून तुला घरी येऊन महिना झाला होता. छातीत जाळी बसवलेली, चेहरा मेणासारखा, आणि तरी लग्नाला निघाल्यासारखा खुशीत होतास. पोत्यातून नवंकोरं मागचं चाक काढलंस, त्यावर दातांचं चक्र केवढं, तर जेवायच्या ताटाएवढं. "डॉक्टर म्हणाला, चढ सोडू नकोस, चढ हेच तुझं औषध. फक्त हलका गिअर मार. चढता चढता बोलता आलं पाहिजे, बोलणं थांबलं की समज छातीवर येतंय. लेओ, हे बसवून दे. पुढचं चक्रही लहान लाव. म्हातारीचे गिअर म्हणून लोक हसतील, हसू देत."

मी हसले. सगळ्यात आधी मी हसले. मग ती हिरवी फ्रेम पाहिली, बाबांनी कानशीने घासून घासून आरशासारखे केलेले तिचे जोड पाहिले, आणि ताटाएवढं ते चक्र तिच्या बाजूला मनातल्या मनात धरून पाहिलं. मला ते बघवेना. मूळच्या गंजाच्या ज्या पंथाची आयुष्यभर टर उडवली, त्याची मी सगळ्यात कडवी भक्त निघाले. तरी खरं काय ते सांगता आलं असतं, की मला हे आवडत नाही, दुसरीकडे बसवून घे. तू चिडला असतास आणि दुसरीकडे बसवून घेतलं असतंस. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "बाबांचं पोलाद त्या दातांच्या डॉक्टरच्या फ्रेमसारखं नाही, ते कडक आहे. फाकवलं तर जोडाशी तडा जाईल. आज दिसणार नाही, उतारावर दिसेल."

तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणाले, "उस्तादाच्या मुलीला विचारतोयस." बस्स. आपल्याकडे ज्याने फ्रेम बनवली त्याच्या घरातून उत्तर आलं की कोणी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. पाइपा गावाच्या रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री तुला हसत हसत खरं सांगून मोकळा झाला असता. तू विचारायला गेला नाहीस. दुसरी सायकल घे म्हटलं तर म्हणालास, "दुसऱ्या सायकलवर मला वर ओळखणार कोण?" तुझा हात त्या नळीवरून एकदा फिरला आणि तू म्हणालास, "मग राहू दे. प्लासिदो उस्तादांची फ्रेम माझ्या हातून मोडायला नको." चाक परत पोत्यात, पोतं दाराआड, सायकल खुंटीवर. "कुणाला लागलं तर दे ते चाक," एवढं म्हणून गेलास.

तडा जाणार नव्हता, आबे. तो जाणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी तू तिला बघायला आलास. हातात अल्मोहाबाना. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तुझ्यासाठी मी कॉफी जास्त टाकायला लागले, मग खुर्ची बदलली, मग मंगळवारी केस धुवायला लागले. खोटं पहिल्या दिवशी फ्रेमसाठी बोलले हे खरं आहे. पण ते सहा वर्षं सांभाळलं ते काही फ्रेमसाठी नाही. कितीदा तोंडाशी आलं की अरे, पुन्हा एकदा मोजून बघितलं, होईल असं वाटतंय. इतकंच म्हणायचं होतं, खोटं पकडलंही गेलं नसतं. पण मग तू सायकल घेऊन गेला असतास, रविवारी वर गेला असतास, आणि मंगळवारी तुला माझ्या दुकानात काय काम होतं?

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर तू मध्येच थांबलास आणि मला चप्पल नीट करायचं ढोंग दाखवलंस. चपलेला पट्टा नव्हता. मी तुझ्याबरोबर तुन्हाला आले. डॉक्टर तुझ्यावर ओरडला, "चढणं का सोडलंत? मी काय सांगितलं होतं?" तू अगदी साधेपणाने म्हणालास, "माझ्या सायकलला झेपत नाही, डॉक्टर." मी शेजारच्याच खुर्चीवर होते. तेव्हासुद्धा मी विनोद केला. काहीतरी म्हणाले, की सायकल शहाणी आहे, मालकापेक्षा. डॉक्टर हसला, तूही हसलास. त्या विनोदाची आठवण आली की मला माझी जीभ कानशीने घासावीशी वाटते.

बुधवारी सकाळी मी तुझी सायकल खाली काढली आणि दुकानाचं शटर आतून ओढलं. समोरची हेर्मिंदा लगेच शटर वाजवत आली. "लेओनिल्दे, बाजाराच्या दिवशी दुकान बंद? कोण गेलं?" मी आतूनच म्हणाले, "अजून कोणी नाही, जा तू." ती म्हणाली, "मग उघड की, मेले." मी उघडलं नाही. मागच्या चिमट्यात आट्यांची सळई अडकवली आणि नट फिरवायला घेतला. खरं सांगते, प्रत्येक फेऱ्याला मी मनात म्हणत होते, देवा, जाऊ दे तडा. एक बारीकशी रेघ उमटू दे, म्हणजे माझ्या पदरात थोडं तरी खरं पडेल. बाबांचं पोलाद कुरकुरलंसुद्धा नाही. त्याला चार मिलिमीटर वाकवायचं तर वीस ताणावं लागतं, सोडलं की बाकीचं ते परत घेतं. तीनदा ताणलं. तिसऱ्यांदा मोजलं तर एकशे तीस. मग तुझी मापं घेतली होती तसली दोरी पुढून मागे ताणून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहिलं. या वेळी आकडे नीट वाचले. सगळं मिळून वीस मिनिटं.

दाराआडचं पोतं उघडलं तर तुझ्या त्या नव्याकोऱ्या चाकावर कोळ्याने घर केलं होतं. गंमत म्हणजे सहा वर्षांत तेही जुनं झालं, कंपनी आता तसलं बनवत नाही. पुढे लहान चक्र लावलं, चौतीस दातांचं. मागचं मोठंही चौतीसचं. खालच्या नळीवरचे गिअर बदलायचे तुझे दोन जुने खटके काढून नवे लावले; जुने एका डबीत ठेवले आहेत, ती सीटखालच्या पिशवीत आहे. आणि ताटाएवढं चक्र त्या हिरव्या फ्रेमला कसं दिसतं ते तुला सांगू? छान दिसतं, मेल्या. याहून वाईट काय असणार.

काल मी एकटीच तुन्हाला जाऊन आले, तुझ्या डॉक्टरकडे. सगळं सांगितलं. त्याने तुझे जुने कागद काढून पाहिले. मग म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, रोज वरपर्यंत जा. आता वरपर्यंत नको." मी विचारलं, "मग कुठपर्यंत?" तो म्हणाला, "अगदी सावकाश, थांबत थांबत. दुसऱ्या वळणावर ती निलगिरीची झाडं आहेत ना, तिथपर्यंत. त्याच्या पुढे नाही." निलगिरीपासून माथ्यावरच्या क्रूसापर्यंतचा सगळा रस्ता, आबे, माझ्या चार मिलिमीटरांनी खाल्ला. तो मी तुला कुठल्याही सळईने परत ताणून देऊ शकत नाही.

सायकल तुझ्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आहे. सोमवारी ती तुझ्याबरोबर बसच्या पोटातून बारांकियाला जाईल, निदियाला मी सांगितलंय. तिथे चढ नाही हे मला माहीत आहे, पण ती तुझी आहे, आणि माझ्या भिंतीवर मी ती फार दिवस चोरून ठेवली. माफी मागायला मी हे लिहिलं नाही, माफी मागितली की ती द्यायचं ओझं तुझ्यावर येतं. लिहिलं ते एवढ्यासाठी की मधे एक रविवार आहे. सात वाजता, ऊन आलं की, मी चढाच्या पायथ्याशी असेन. सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, माणसाच्या चालण्याएवढा वेग. मी शेजारून चालेन, निलगिरीपर्यंत. या वेळी मी बोलणार नाही, तू बोलायचंस. काय वाटेल ते बोल. शिव्या द्यायच्या असतील तर त्या दे, सहा वर्षांच्या साठल्या असतील. मी फक्त ऐकत चालेन, आणि तुझं बोलणं थांबलं की आपण थांबू.

जिने तुझं माप दोनदा चुकीचं सांगितलं, ती तुझीच,
लेओनिल्दे