बाता दिल्याशिवाय कोणी उठायचं नाही

१० एप्रिल
उतारावरची भेग आणखी रुंदावली! परवा नुसता हात जात होता, आज अख्खं वासरू जाईल. तालुक्याचे साहेब पुन्हा सांगून गेले — पाऊस थांबेपर्यंत नदीपलीकडे राहा. पालथ्या घड्यावर पाणी! शेजारचा तोक्तोबेक म्हणतो, "हा डोंगर माझ्या आजोबांनाही भीती घालायचा. आजोबा म्हातारे होऊन मेले!" सासूबाई तर चुलीपाशी ठाण मांडून बसल्यात. "ह्या घरात सून म्हणून आले, जाईन तीही इथूनच."

११ एप्रिल
सुचलं! साहेबांचं ऐकणार नाहीत, पण जेवणाचं आमंत्रण मोडायची कोणा किरगिझ माणसाची छाती आहे?
आमचा एल्दार पावलं टाकायला लागलाय. पोर न अडखळता चालावं म्हणून पायांना दोरी बांधून ती कापायचा सोहळा उन्हाळ्यात करायचा होता, तो रविवारीच करते. नदीपलीकडे, शाळेच्या मैदानात, लोकरी तंबू ठोकून. जेवून सुस्तावले की सगळ्यांना तिथेच झोपवायचं.
सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "मोठी बिलंदर आहेस गं!" — पण येते म्हणाल्या.

१४ एप्रिल, रविवार
तंबूतच बसून लिहितेय.
पहाटेपासून पाऊस, तरी अख्खी वस्ती आली, पाळण्यातल्या पोरांसकट! मैदानात गवत आहे म्हणून सांगितलं, तर गुरंही घेऊन आले. दोरी कापली. एल्दार दोन पावलं टाकून थेट मटणाच्या परातीत बसला.
दुपार कलली आणि पुरुष चुळबुळायला लागले. झोपतात कसले! पण उठायचं तर आधी सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं हात पसरून बाता द्यायची, आशीर्वाद म्हणायचा. म्हणजे सासूबाईंनी. त्या काही हात पसरेनात! आधी चहा मागितला. मग सासऱ्यांच्या घोड्याची गोष्ट. मग पुन्हा चहा.
तोक्तोबेक काकुळतीला आला. "आपा, द्या हो बाता, घरी चूल विझली असेल!"
"विझू दे. मी अजून जेवतेय." तोंडात दात एक नाही!
मग आवाज आला. मला वाटलं, पुलावरून ट्रक जातोय. बाहेर येऊन बघतो तर पलीकडचा उतार सरकत होता — आधी हळू, मग एकदम. आमचं घर, तोक्तोबेकचं घर, सगळी वस्ती मातीखाली.
जो तो रडत होता आणि आपली माणसं चाचपत होता. एकही कमी नाही! एकही नाही! मी चिखलात नाचले, सासूबाईंसमोर, डोक्यावरचा रुमाल सुटेपर्यंत.

१६ एप्रिल
घर गेलं. रडून झालं. पण ज्याच्या त्याच्या तोंडी आम्हा सासू-सुनेचंच नाव — "जिबेकनं आणलं, बुरुलचा आपांनी बसवून ठेवलं!" साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी हुकूम नको, आधी मेंढीच कापतो." तोक्तोबेकच्या मते आपांना डोंगराची भाषा कळते. बायका विचारायला येतात, पाऊस कधी थांबेल? सासूबाई गंभीरपणे मान हलवतात. मला हसू आवरत नाही.

१९ एप्रिल
आज तंबूत दोघीच होतो. विचारलं, "आई, डोंगर येणार हे तुम्हाला कसं कळलं?"
"मला काय कळतंय डोंगराचं! तूच कानात सांगितलंस ना — बाता झाली की घरी धावते, सगळ्यांसाठी दुलया घेऊन येते. त्या भेगेखाली तुला एकटीला जाऊ देऊ? मग कशी देऊ बाता?"