निस्तं दही

अण्णा,

धाकटीच्या पोरानं आज वाटीभर दही खाल्लं. वाटी रिकामी झाली तरी तिच्या काठाला तोंड लावून चोखत बसला, आणि काढून घेतली तर भोकाड पसरलं. गेले कित्येक दिवस त्याच्या रडण्यानं आम्हा दोघी बहिणींचा जीव टांगणीला लागला होता. पण आजचं रडणं वेगळं होतं. ते रागाचं होतं, अंगात बळ आलेल्या लेकराचं होतं. धाकटी हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसली, आणि आता त्याला कुशीत घेऊन भर दुपारी गाढ झोपली आहे. मी ओसरीवर बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. आज थांबावं लागलं नाही.

धाकटी माझ्याकडे आली ती अंगात ताप घेऊनच. तापानं तिचं दूध आटलं. पोर आठ-नऊ महिन्यांचं, दात नुकते दिसायला लागलेले. वरचं दूध पाजलं की उलटून टाकायचा, पोटात राहिलं तर ढाळ लागायचे. तिच्या सासूबाईंनी काळजीनं हलवायाकडचं दही पाठवून दिलं, साखर घातलेलं, घट्ट आणि पांढरंशुभ्र. लेकरू गोडाला भुलतं, असा निरोपही सोबत होता. धाकटी ते मडकं समोर घेऊन बसून राहिली. मला म्हणाली, "अक्का, हे देऊ का गं? आई असती तर तिला इचारलं असतं." मी म्हटलं, "आईला काय इचारतीस, हे अण्णांना इचारायला पायजे होतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. आपण दह्यावर वाढलो एवढंच तिला माहीत होतं. ते दही कुणी लावलं, कसं लावलं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही तर सांगणाऱ्यातले नव्हतातच.

तापाची साथ आली आणि आई गेली तेव्हा धाकटी आताच्या तिच्या पोराएवढीच होती. मी परकरी पोर. तुम्ही अदालतीत मोहरीर. दिवसभर उर्दूत कागद लिहायचात, बोटं शाईनं काळी करून घरी यायचात आणि पाटावर बसायचात, एवढंच तुमचं आणि स्वयंपाकघराचं नातं. आई गेल्यावर पहिल्यांदा चूल पेटवायला बसलात तेव्हा डोळ्यांतून जे पाणी आलं ते धुराचं की आणखी कशाचं, ते मला कळलं नाही. भाकरी जमली नाही. कण्या जमल्या. ज्वारीच्या कण्या शिजवून, घोटून, मीठ न घालता तुम्ही धाकटीला भरवायचात आणि ती थुंकून टाकायची. गाईचं दूध दिलं, शेळीचं दिलं. दोन्ही उलटायची. तिचे पाय काड्यांसारखे झाले होते.

नेकनूरहून आत्या आली ती दमणीतून उतरली तशी थेट पाळण्याशी गेली. लेकराला उचललं आणि तुमच्याकडे न बघताच बोलली.

"बाप्या माणसाच्यानं लेकरू वाढत न्हाई. मी नेते हिला. माझ्या जावंला मूलबाळ न्हाई, ती पदरात घेती म्हणली."

"बाई, राहू दे अजून थोडं," तुम्ही म्हणालात.

"आन् काय करशील? कचेरीत घेऊन जाशील?"

आत्या वाईट नव्हती, अण्णा, हे मला आता कळतं. तेव्हा मला ती चेटकीण वाटली होती. शेवटी तीच म्हणाली, "नारायणगडाच्या यात्रेला जायाचं हाय मला. माघारी येताना हिकडून येते. तवाबी पोरगी अशीच असली तर मी तुजं ऐकणार न्हाई." जाताना तिनं धाकटीच्या कमरेला काळा करदोडा बांधला. तो बांधला तसा घसरून मांडीवर आला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही धाकटीला खांद्यावर टाकून म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे गेलात. मी मागं मागं. त्यांनी तिचं पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि म्हणाले, "दूध नक्को देव अभी. दही देव. सादा दही. मीठा नक्को, और मलाई नक्को निकालो." तुम्ही परत परत विचारलंत, थोडी साखर चालेल का, थोडा गूळ? लेकरू खाईना म्हणून विचारतो. ते म्हणाले, "एक बार मीठा चखी तो सादा खाती क्या?"

आपण तिथून थेट बाजारात गेलो. गवळणीकडचं दही घेतलं, घरी आणून बघितलं तर निळसर, पाणी सुटलेलं. साय आधीच काढून घेतलेली. दुसरीकडचं इतकं आंबट की तुमचाच डोळा मिटला. धाकटीनं दोन्हीला तोंड फिरवलं. संध्याकाळी तुम्हाला राहवलं नाही आणि तुम्ही हलवायाकडून गोड दही आणलंत. हकीमसाहेबांचं ऐकून आलेला माणूस, तरी आणलंत, कारण दिवसभर तिच्या पोटात काही नव्हतं. ते तिनं मिटक्या मारत खाल्लं. तुमच्या तोंडावर किती आनंद होता! पण दुसऱ्या सकाळी धाकटीची दशा बघवेना. ढाळ थांबेनात, डोळे खोल गेले. तुम्ही अदालतीत गेला नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजत राहिलात. पाजता पाजता, माझ्याकडे न बघता, विचारलंत, "माय, मला जमंल का गं हे?"

मला काय कळत होतं. मी म्हटलं, "जमंल की." तुम्ही मान हलवलीत, जणू कुणी मोठ्या माणसानं सांगितलं.

हे मी परवा धाकटीला सांगितलं. तिला सांगावं की नाही याचा विचार पडला होता, कारण तिच्या डोळ्यांपुढचे अण्णा म्हणजे शेरवानीतले, ताठ, कशालाच न डगमगणारे. पण ती स्वतःच घाबरून गेली होती. मला आई होणं येत नाही, असं म्हणत होती. तुमचा तो प्रश्न ऐकून तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "अण्णांना बी असं वाटलतं?" आणि उठली, सासूबाईंचं मडकं झाकून ठेवलं, म्हणाली, "हे आपण खाऊ. दूध कुठं चांगलं मिळंल ते सांग." तेव्हाच मला निम्मं हायसं वाटलं.

तुम्हीही तसेच उठला होतात. ढाळ थांबल्यावर गवळ्याच्या दारात जाऊन उभे राहायला लागलात. म्हैस समोर पिळायची, दूध तसंच आपल्या तांब्यात घ्यायचं, साय काढू द्यायची नाही. गवळ्याला राग यायचा. "मोहरीरसाब, माज्यावर भरवसा न्हाई का?" "तुज्यावर हाय," तुम्ही म्हणायचात, "माज्या नशिबावर न्हाई." दूध उकळायचं, कोमट करायचं, नव्या बोळक्यात विरजायचं. पहिलं फाटलं, कारण दूध गरम होतं. दुसरं लागलंच नाही, कारण थंडी पडली होती. मग तुम्ही बोळकं तुमच्या कचेरीच्या लोकरी शेरवानीत गुंडाळून ठेवलंत. दही असं लागलं की वाटी उलटी केली तरी हलेना, वर बोटभर साय. पण शेरवानीला वास लागला, आणि एक पांढरा डागही. अदालतीत मुन्सफसाहेबांनी विचारलं म्हणे, हा कसला वास येतो. तुम्ही सरळ सांगितलंत, साहेब, लेकरासाठी दही लावतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून एक जुनी घोंगडी आली.

धाकटीनं ते बिनगोडाचं दही पहिल्या दिवशी तुमच्या अंगावर थुंकलं. तुम्ही पुसलंत, स्वतः एक बोट चाटलंत, डोळे मोठे करून "वा!" म्हणालात आणि पुन्हा तिच्या ओठाला लावलंत. ती तुमच्या तोंडाकडेच बघत होती. असं कितीदा झालं कोण जाणे. मग एका दुपारी तिनं गिळलं. पुढं मऊ कण्यांत कालवलेलं खायला लागली. पोट बसलं, झोप लागायला लागली. माझी वेणी ओढायला लागली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "ओढू दे गं, जरा सहन कर."

यात्रेहून आत्या आली ती भंडारा-बुक्क्यानं माखलेली. धाकटी ओसरीवर बसून पितळी वाटी जमिनीवर आपटत होती. आत्यानं तिला उचललं आणि हात थेट कमरेवर गेला. करदोडा कातड्यात रुतला होता.

"आन् हे कसं रे? काय घातलंस हिला?"

"दही."

"निस्तं दही? साखर न्हाई, गूळ न्हाई?"

"निस्तं."

आत्यानं करदोडा सोडला, सैल करून पुन्हा बांधला. मग लेकराला मांडीवर घेऊन बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "रस्ताभर देवाला म्हणत आलते, न्यायची पाळी आणू नगंस. तुजी लेक तुज्यापाशीच ऱ्हाऊ दे बाबा." तुम्ही तिथून उठून परसात गेलात. बराच वेळ आला नाहीत. मी मागं गेले नाही.

धाकटी परकर नेसत होती तेव्हा तुम्ही गेलात. तिचं लग्न पाहिलं नाहीत, तिचं पोर पाहिलं नाहीत. त्याचे कान तुमच्यासारखे आहेत, बाहेर आलेले. आज त्याला भरवताना धाकटीनं आधी स्वतः चाटलं आणि "वा!" म्हणाली. हे मी तिला सांगितलेलंच होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. आता ती दोघं झोपली आहेत आणि त्याचा श्वास मला इथवर ऐकू येतो, संथ, भरल्या पोटाचा.

हा कागद मी कुठं धाडणार? घडी घालून साड्यांत ठेवीन. पण लिहायलाच बसले आहे तर एक सांगून टाकते. धाकटीला भरवून उरलेलं दही तुम्ही माझ्या भाकरीवर घालायचात, आणि मी ते ताट पुसून खायचे. तुमची समजूत झाली, थोरलीला दही लई आवडतं. लग्नानंतर मी माहेरी यायचे तेव्हाही तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम लावून ठेवायचात आणि मी खाते का ते बघत समोर बसायचात. अण्णा, मला दही आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं.