लक्ष्मीच्या जपाचा एकोणचाळिसावा दिवस

रायभानदादास इंद्रभानचा दंडवत.

तुमचा जप चालू, त्यात मौन. म्हणून ही चिठ्ठी देवघराच्या दाराखालून सरकवतो. मघा दार वाजवून आत डोकावलो तर तुम्ही हातानंच मला परतवलं. वाटलं असंल, हा पुन्हा कीर्तनातलं काही घेऊन आला.

वैनींना पहाटेपासून कळा सुरू आहेत, दिवस भरायच्या आधीच. तुमच्या कानी जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरून बसल्या. सुईण गोजरबाई म्हणली, "मूल आडवं हाये. हे माझ्या हातचं न्हाई, जल्दी जालना गाठा." बैलगाडीत घालून नेतो. गाडीत बसताना वैनी म्हणल्या, "भावजी, त्यांचं आसन मोडू नका. दोनच दिवस राह्यले."

दादा, चूक माझी. जप अर्धा सोडला की लक्ष्मी रुसते, हे कीर्तनात ऐकून मीच तुम्हाला सांगितलं. पण बुवांनी उत्तररंगात पुढची कथा लावली होती. एका जपकऱ्याच्या दारी लक्ष्मी तहानेली होऊन आली. तो माळ सोडून उठला न्हाई, अन् ती तशीच निघून गेली. तुम्ही हौसेनं आसन मांडायला निघालात, म्हणून मी ते सांगायचं राहू दिलं.

वैनींनी सकाळधरनं दोनदा तुमचं नाव घेतलं, अन् दोन्ही वेळा मलाच म्हणल्या, "सांगू नका."

समईकडं शेजारच्या दुर्गाबाई बघतील. घोडीवर खोगीर चढवून ठेवलंय. धक्के बसू नयेत म्हणून गाडी हळूच हाकणार आहे. आत्ता उठलात तर वाटेतच गाठाल.