वरच्या दरीत कोण राहतं

बाबा, आज लीड्समधल्या आमच्या मेमरी क्लिनिकमध्ये एक तिबेटी आजी आल्या होत्या. तुम्ही भूगोलाचे शिक्षक, म्हणून हे तुम्हालाच विचारावंसं वाटतंय. शाळेत असताना मी आशियाच्या नकाशात तिबेट तपकिरी रंगवून त्यावर ‘वस्ती नाही’ असं लिहिलं होतं. तुम्ही जेवता जेवता ते पाहिलंत आणि म्हणालात, “तू जाऊन आलीस का?” मी ते पुसलं. पण त्या जागी काय लिहायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

आजींना हल्ली काही आठवत नाही, अशी त्यांच्या मुलीची तक्रार. तुमचं गाव कसं आहे, मी विचारते. मुलगी तिबेटीत विचारते, आजी बोलतात, मुलगी मला इंग्लिशमधून सांगते. उंचावरची दरी, खाली नदी, काठाला सातूची शेतं, वर कुरणात याकच्या केसांचे काळे तंबू. आजी बोटाने हवेत नदी काढतात आणि काठाकाठाने घरं सांगत जातात: हे सुताराचं, हे दोघी बहिणींचं. कुठेही अडखळत नाहीत. शेवटी म्हणतात, “आता तिथे कोणीच राहत नाही.”

“पाहिलंत, डॉक्टर?” मुलगी म्हणाली. “हेच चालतं दिवसभर. उलट त्या डिस्ट्रिक्टमध्ये माणसं वाढलीयत. तंबूवाले खाली रस्त्यालगत नव्या घरांत आलेत, चांगलं टाउन झालंय.”

“तुम्ही गेला होतात?”

“नाही. माझा जन्म इंडियातला.” तिने आईपुढे फोन धरला, त्यावर त्या टाउनमध्ये आलेल्या गावच्या माणसांचा फोटो. आजींनी फोटो बराच वेळ पाहिला, “ही माणसं कोण?” असं विचारलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

आता मी काय समजू, बाबा? जिल्हा भरला आणि दरी रिकामी झाली, असंही असेल. किंवा आजींना आपलीच माणसं ओळखू येत नसतील, आणि तोच तर हा आजार. घरी येऊन मी नकाशे उघडले. एकाच नदीला दोन नकाशांत दोन नावं, आणि आजींच्या गावाचं नाव एकातही नाही. मुलीला मी क्लिनिकमध्येच सांगितलं होतं, आज निदान करत नाही, पुढच्या वेळी बाहेरचा दुभाषा बोलावू. “म्हणजे आई बरी आहे?” तिने विचारलं. “मला माहीत नाही,” मी म्हणाले. ती रडवेली झाली.

तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आजी आजारी निघू नयेत असं मला फार वाटतंय, एवढं कबूल करते. पण त्या आजारी नसतील, तर ती दरी खरोखरच ओस पडली असणार, हे मात्र लिहिता लिहिता आत्ता लक्षात आलं.