गौरवग्रंथातला शेवटचा लेख

९ फेब्रुवारी १९८७

दिवाणखान्यातला माझा फोटो गायब! लोर्ना म्हणाली, काच तडकली म्हणून दुरुस्तीला दिलाय. परवा मीच पुसला होता तो, काच चांगली धडधाकट होती. शिवाय जेवताना सहज विचारते – तुझा पहिला लेख कुठल्या साली छापून आला रे? इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या लेखांची चौकशी कधी केली नव्हती.

म्हणजे गौरवग्रंथ. मेमध्ये मी निवृत्त होतोय, जुने विद्यार्थी गुपचूप लेख गोळा करताहेत. आमच्या धंद्यातली रीतच ही. ज्याचा गौरव त्याने काही ठाऊक नसल्याचं सोंग आणायचं आणि निरोपाच्या जेवणात पुस्तक मिळालं की आ वासायचा. माझ्या गुरुजींना हे अजिबात जमलं नव्हतं. पुस्तक हातात पडायच्या आधीच त्यांनी खिशातून भाषण काढलं. मी जरा बरं करीन.

१७ फेब्रुवारी

राहवलं नाही. विभागाच्या ऑफिसात डोलोरेसच्या टेबलाभोवती घुटमळलो. सगळा टपाल-टायपिंगचा कारभार तिच्याकडे.

“काही हवंय, प्रोफेसर हॅल्व्हर्सन, का नुसतेच माझी फरशी झिजवताय?”

“हॅलिनाचा लेख आला का?” – एकदम निघूनच गेलं तोंडून.

तिने चष्मा काढला. “कसला लेख? मला काही माहीत नाही.” मग हळूच, “आणि नाही आला.”

बाकीच्यांचे आले असणार. मला त्यांचं फारसं पडलेलं नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. मला हॅलिनाचा हवाय.

१८ फेब्रुवारी

हॅलिना स्कोरा. मी शिकवलेल्यांत सगळ्यांत तल्लख. मिलवॉकीच्या पोलिश कसायाची मुलगी, पहिल्या दिवशी वर्गात मलाच उलटा प्रश्न विचारून मोकळी झाली होती. आरागिरणीच्या संपावरचं माझं पुस्तक वाचून ती इतिहासाकडे वळली. आता आमच्यापेक्षा मोठ्या विद्यापीठात आहे. पण डॉक्टरेट झाल्यापासून कामाबद्दल चकार शब्द नाही. नाताळला कार्ड येतं, त्यात हवा आणि कुत्रा.

कुठे चुकलो मी तिच्याशी? लोर्नाला विचारलं. “माणसं कामात असतात, एमेट,” म्हणाली. हे काय उत्तर झालं?

२ मार्च

बर्फ. डोलोरेस लांबूनच मान हलवते – नाही.

४ एप्रिल, शिकागो

इतिहासकारांचं वार्षिक अधिवेशन. तेच हॉटेल, तेच गालिचे, तीच माणसं एकमेकांच्या छातीवरची नावं वाचत फिरताहेत. हॅलिना पुस्तकांच्या दालनात दिसली. तिने मला पाहिलं. पाहिलं आणि वळून एका पुस्तकात डोकं घातलं! मी गेलोच.

“प्रोफेसर! तब्येत कशी आहे?”

“उत्तम. काय लिहितेस सध्या?”

“असंच, फुटकळ.”

“फुटकळ म्हणजे?”

“लोर्नाताई बऱ्या आहेत ना?” एवढं विचारून सटकली. हातातलं पुस्तक उलटं धरलेलं होतं.

रात्री जेवताना मायलोला सांगितलं. मायलो पेट्रिक माझ्याच विभागात, खोलीला खोली लागून, गौरवग्रंथाचा संपादक तोच असणार. तो म्हणाला, “तिच्या मागे नको लागूस.” “का?” “नको लागूस म्हणतो ना.” आणि बटाट्यांना भिडला.

१६ एप्रिल

झोप नाही. वाचन नाही. भाषण लिहायला घेतो, फाडतो. लोर्ना म्हणते, घरात येरझाऱ्या घालणं बंद कर, नाहीतर निवृत्तीनंतर मीच नोकरी धरते. खरं सांगायचं तर मी रडकुंडीला आलोय. सत्तरीला आलेला माणूस एका विद्यार्थिनीच्या लेखासाठी!

९ मे

झालं. फॅकल्टी क्लबात जेवण, भाजलेलं बीफ, पुष्कळ टाळ्या. मी आ वासला. लोर्ना कानात म्हणाली, “तोंड मीट आता, पुरे.”

पुस्तक निळं, देखणं. अनुक्रमणिका तिथेच टेबलाखाली उघडली. शेवटचा लेख हॅलिना स्कोराचा! ती स्वतः आली नव्हती. पण लेख आहे. गाडीत लोर्नाला दोनदा सांगितलं. आज कुणी काही मागितलं असतं तरी देऊन टाकलं असतं.

१० मे

वाचला.

लेख माझ्या संपावर आहे. माझ्या पुस्तकात पाचवं प्रकरण – संप का फुटला? पोलिश मजूर मालकाला फितूर झाले आणि आधी कामावर गेले, म्हणून. याच प्रकरणावर माझं नाव झालं. मी तिथली इंग्रजी वर्तमानपत्रं वाचली, नॉर्वेजियनही वाचली, ती भाषा मला आजीमुळे येत होती. पोलिश मला येत नाही. हॅलिनाने पोलिश वर्तमानपत्र काढलं, पाद्रीबुवांची टिपणं काढली, गिरणीची हजेरी काढली. पोलिश मजूर शेवटपर्यंत बाहेर होते. आधी कामावर गेले ते नॉर्वेजियन. आमचे लोक.

वाक्यावाक्याला माझा आदराने उल्लेख. कुठेही आवाज चढवलेला नाही. दिवसभर पेन्सिल घेऊन कुठे काही चुकलंय का ते शोधत बसलो. नाही सापडलं. पोरीने काम चोख केलंय.

११ मे

फोन केला. तिनेच उचलला.

“बरोबर आहे तुझं,” म्हटलं.

ती म्हणाली, “थँक यू, प्रोफेसर.”

“कधी सापडलं तुला हे?”

“तुमच्याकडे होते तेव्हाच. दुसऱ्या वर्षी.”

“तुझीच माणसं होती ती, हॅलिना. मी त्यांना फितूर म्हटलं. तू वर्गात बसून ऐकून घेतलंस?”

“हो.”

“मी चिडेन म्हणून घाबरलीस?”

“चिडला असतात तर चाललं असतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही खचाल. म्हटलं, निवृत्त होईपर्यंत थांबू. म्हणून तर तुमच्यासमोर यायची हिंमत व्हायची नाही. तुम्ही विचाराल काय लिहितेस, आणि मला खोटं बोलता येत नाही.”

जन्मभर पोरांना सांगत आलो – पुरावा मिळाला की गुरूलाही सोडू नका. आणि माझ्या सगळ्यांत तल्लख मुलीने मला काचेचं भांडं समजून जपलं. राग कुणावर काढू? ती चुकली असं म्हणायला तोंड नाही. पण अपमान झालाय, आणि तो प्रेमापोटी झालाय, हे जास्त जळतंय.

१२ मे

सकाळी मायलोच्या खोलीत गेलो. दार लावलं. विचारलं, हॅलिनाखेरीज आणखी कुणाला माहीत होतं?

तो कॉफी ढवळत राहिला. साखर घेत नाही तो.

मग म्हणाला, “एमेट, ते पाचवं प्रकरण आम्ही कुणीच वर्गात शिकवत नाही रे. कित्येक वर्षं झाली.”